हजेरीत आहेत, हिशेबात नाहीत

आपल्या घरांत मुलांच्या शिक्षणाविषयी बोलणे पुष्कळ होते. उर्दू माध्यम बरे की मराठी, की कर्ज काढून इंग्रजी शाळेत घालावे? मुलीला दहावीनंतर पुढे शिकवावे का? मौलवीसाहेबांकडे सबक सकाळी ठेवावा की संध्याकाळी? लग्नाच्या दावतीत हा विषय निघतो, ईदला पाहुणे आले की निघतो. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आपले मूल ज्या सरकारी शाळेत जाते, त्या शाळेला वर्षाला किती पैसे मिळतात, ते कोणत्या हिशेबाने मिळतात आणि पुरतात का?

आम्ही बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद उर्दू शाळेत शिकवतो. पहिली ते आठवीचे वर्ग आणि पट ९६. नोकरीला वीस वर्षे होत आली. आमचे विषय उर्दू आणि मराठी, पण शाळेची कीर्द लिहिता लिहिता हिशेबाचीही सवय झाली. तोच हिशेब आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत, कारण तो शाळेच्या कपाटात बंद राहण्यासारखा नाही.

सरकारी शाळेतील शिक्षकांचा पगार शासन देते. पाठ्यपुस्तके मोफत येतात. दुपारच्या जेवणाचा तांदूळ येतो. हे सोडून शाळा चालवायला जो रोजचा खर्च लागतो, त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून ‘संयुक्त शाळा अनुदान’ मिळते. ही योजना २०१८ साली सुरू झाली. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. अनुदानाचा दर पटावर ठरतो. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५ हजार, १०१ ते २५० पर्यंत ५० हजार, २५१ ते १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

आमचा पट ९६, म्हणून आमच्या वाट्याला २५ हजार. एका मुलामागे वर्षाला २६० रुपये. महिन्याचा हिशेब काढला तर बावीस रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्यात खडू, रजिस्टरे, झाडू, फिनेल, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, पावसाळ्यापूर्वी पत्र्यांची डागडुजी, झेरॉक्स, प्रिंटरची शाई, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि विजेचे बिल. मे महिन्यात शाळेत एक दिवा लागत नाही, तरी बिलात स्थिर आकार येतोच. एका वर्षी पाण्याची मोटार जळाली. ती भरून आणायला साडेतीन हजार गेले आणि त्या वर्षी विज्ञानाच्या साहित्यासाठी काहीच उरले नाही. आमच्यापासून काही कोसांवर १०१ पटाची शाळा असेल, तर तिला ५० हजार मिळतील. पाच मुले जास्त आणि पैसे दुप्पट. त्या शाळेला जास्त मिळतात अशी आमची तक्रार नाही. तिलाही ते पुरत नसणार. पण मोटार ९६ मुलांच्या शाळेत जळाली म्हणून स्वस्तात दुरुस्त होत नाही, एवढेच सांगायचे आहे.

दुसरी अडचण वेळेची. शाळा जूनमध्ये उघडते आणि अनुदान आमच्या अनुभवात बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. कधी पूर्ण, कधी अर्धे. २०२१ पासून पद्धतही बदलली आहे. शाळेच्या खात्यात रक्कम जमा होत नाही. अमुक रुपयांपर्यंत खर्च करा, अशी मर्यादा मिळते. ३१ मार्चपर्यंत जे खर्च झाले नाही ते हातचे जाते. म्हणजे आठ-नऊ महिने उधारीवर काढायचे आणि शेवटच्या तीन आठवड्यांत धावपळ करून बिले लावायची. गावातल्या स्टेशनरीवाल्याच्या वहीत आमच्या शाळेचे वेगळे पान आहे. तो भला माणूस आहे, मागे लागत नाही. पण सरकारी शाळा एका दुकानदाराच्या भलेपणावर चालावी, ही काही व्यवस्था नव्हे.

यावर पहिला आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ‘शिक्षकांना एवढा पगार मिळतो, मग अनुदानाची रड कशाला?’ पगारावर मोठी रक्कम खर्च होते हे खरे आहे आणि तो पगार वाजवी आहे असे आम्ही मानतो. पण पगाराने शिक्षक वर्गात उभा राहतो. त्याच्यामागचा फळा, वरचे छप्पर, प्यायचे पाणी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार यांसाठी वेगळे पैसे लागतात. सातवीतल्या मुली त्या दारापायी महिन्यातून चार-चार दिवस घरी राहतात. हे बोलायला संकोच वाटतो, पण घरातल्या बायकांना विचारून पाहा.

आता ही शाळा कुणाची, ते पाहू. आमच्या वर्गात बागवानांची मुले आहेत, गवंड्यांची आहेत, गॅरेजवर काम करणाऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. चौदा मुले ऊसतोड करणाऱ्या घरांतली आहेत. आपल्या समाजाविषयी बाहेर एक समज फार पसरलेला आहे, की मुसलमानांची मुले मदरशातच जातात. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात हा समज आकड्यांनी खोडून काढला. शिकणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी सुमारे ४ टक्केच निघाली. आपल्यातली सर्वांत जास्त मुले सरकारी शाळेत जातात. तेव्हा सरकारी शाळेला पैसा किती मिळतो, हा आपल्या घरातला प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांवर होते आणि आपल्या बीड जिल्ह्याचे ७७ टक्के. जिल्ह्यातल्या बायकांचे तर ६८ टक्क्यांच्या आसपास. जिथे मागे राहिलेले अंतर मोठे, तिथे शाळेला जास्त बळ लागते, हे समजायला मोठी पदवी लागत नाही.

पण पैसा मोजताना हे अंतर मोजले जात नाही. मोजली जातात फक्त डोकी. आणि आमचे दुखणे असे, की डोकीही पूर्ण मोजली जात नाहीत.

शाळेला सर्वांत महाग आणि सर्वांत गरजेचे जे मिळते ते म्हणजे शिक्षक. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शिक्षकांचा हिशेब स्पष्ट लिहिला आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीसाठी किमान तीन, म्हणजे विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक आणि भाषांना एक. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून प्रत्येक शाळेची ‘संचमान्यता’ होते, म्हणजे त्या शाळेत किती शिक्षक असावेत हे ठरते. आणि अलीकडे त्या पटात तेच मूल धरले जाते, ज्याचे आधार कार्ड शाळेच्या नोंदीशी जुळते. नाव, जन्मतारीख आणि लिंग, तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी संगणक ते मूल बाजूला काढतो.

आता आपल्या मराठवाड्यातली आपली नावे आठवा. शाळेच्या दाखल्यावर मुलाचे नाव ‘शेख अमुक शेख तमुक’ असते. आधार काढणाऱ्याने ते ‘अमुक तमुक शेख’ करून टाकले. कुणाच्या कार्डावर शेखच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, कुणाच्या कमी. सय्यद तर चार प्रकारे लिहिले जाते. कुणाच्या ‘बी’ला, कुणाच्या ‘बेगम’ला कार्डावर जागा मिळाली आणि दाखल्यावर नाही. घरात जन्मलेल्या मुलांच्या तारखा वेगळ्याच. दाई सांगते एक, दाखल्यावर दुसरी, कार्डावर तिसरी. मूल एकच, पण कागदावर ती तीन मुले होतात आणि मग त्यातले एकही मोजले जात नाही.

आमच्या शाळेत सहावी ते आठवीत मिळून २८ मुले आहेत. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये यादी काढली तेव्हा त्यातली नऊ जुळत नव्हती. म्हणजे हिशेबात १९. हा आकडा पाहून आमच्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीत २० किंवा त्याहून कमी मुले असतील तर त्या वर्गांना नियमित शिक्षकच मिळणार नाही, असा त्याचा अर्थ निघाला. शिक्षक संघटनांनी यावर जोरदार आक्षेप घेतला आणि २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभर सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. वाडीवस्तीवरच्या, डोंगराळ भागातल्या आणि उर्दूसारख्या कमी संख्येच्या माध्यमाच्या शाळांना या निकषाचा मार सर्वांत आधी बसतो. आमच्यापासून सातवी-आठवीची पुढची उर्दू शाळा अकरा किलोमीटरवर आहे. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मुले सायकलने जातील. २८ पैकी १७ मुली आहेत. त्यांच्यातल्या किती जातील, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आम्ही त्या नऊ घरी गेलो. एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. आधार दुरुस्तीसाठी ते तालुक्याला आधीच दोनदा जाऊन आले होते. एकदा रांगेत नंबर लागला नाही, एकदा जन्माचा दाखला लागेल म्हणून परत पाठवले. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही तिसऱ्यांदा जायला सांगितले तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘‘सर, पोरगी रोज आती ना इस्कूल में? फिर गिनते कायकू नै?’’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कायद्याकडेही नीट उत्तर नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, कारण शिक्षण हा मुलाचा घटनेने दिलेला हक्क आहे. म्हणजे आधार नसलेल्या मुलाला आम्ही वर्गात घेतलेच पाहिजे आणि घेतोही. पण त्याला शिकवायला शिक्षक द्यायची वेळ आली, की तेच मूल हिशेबातून गळते. हक्क आहे आणि हक्कामागचा पैसा नाही.

नऊपैकी सहा मुलांची कार्डे ३० सप्टेंबरच्या आत जुळली. आकडा २५ झाला आणि वर्ग त्या वर्षापुरते वाचले. तीन राहिली. एकाच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, एकाचा जन्मदाखला दुसऱ्या जिल्ह्यातून यायचा होता आणि एकीचे आईवडील तोवर कारखान्याच्या वाटेला लागले होते. ही तिन्ही मुले वर्गात बसतात. आम्ही त्यांना शिकवतो, त्यांच्या वह्या तपासतो. संचमान्यतेच्या कागदावर मात्र ती नाहीत.

मोजणीचा आणखी एक तिढा उर्दू शाळांना माहीत आहे. एखादी जागा अशा प्रवर्गासाठी राखीव असते, की त्या प्रवर्गात उर्दूतून डी.एड. झालेला उमेदवारच मिळत नाही. मग जागा मंजूर असते आणि माणूस नसतो. आरक्षणाचे तत्त्व आम्हाला मान्य आहे, आपल्यातल्या मागासांनाही त्याचाच आधार आहे. प्रश्न एवढाच, की उमेदवार नसताना वर्षानुवर्षे खुर्ची रिकामी ठेवून वर्गातल्या मुलांना काय मिळते? यावर मार्ग काढणे हे शासनाचे काम आहे आणि तो मागणे आपले.

आता ऊसतोडीकडे येऊ, कारण बीडचे नाव घेतले की कोयता आठवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. फडात लहान भावंडाला सांभाळायला आणि वाढे गोळा करायला मोठे पोर लागते, म्हणून तेही जाते. ही मुले मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मधले पाच महिने त्यांना शिकवणे ही कोणत्याही शाळेची सर्वांत अवघड गोष्ट आहे. त्यासाठी योजना आहेत. मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. आईवडील गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृह आहे. कल्पना उत्तम आहे. पण एका वर्षी आमच्या गावच्या वसतिगृहाची मंजुरी हातात पडली, तेव्हा ट्रक आणि ट्रॅक्टर निघून महिना झाला होता. मुले आईबरोबर निघून गेली होती. जे चार जण मागे राहिले, ते दादी-नानीच्या जिवावर राहिले. पैसा आला नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. आला, पण ज्याच्यासाठी आला ते मूल तोवर उसाच्या फडात पोहोचले होते.

म्हणून आम्ही म्हणतो, की शाळेच्या पैशाबाबत दोन वेगळ्या मागण्या आहेत. एक, पैसा पुरेसा असावा. दोन, तो न्यायाने वाटला जावा. सगळ्यांना सारखा वाटला की न्याय झाला, असे नाही. घरात एक मूल आजारी असेल तर आई त्याच्या ताटात दूध जास्त वाढते आणि बाकीची भावंडे तक्रार करत नाहीत. ज्या शाळेतली मुले पाच महिने फडावर असतात, ज्या शाळेत आईवडिलांपैकी कुणाला अक्षर येत नाही, तिला मुलामागे जास्त मिळाले पाहिजे. ही काही हवेतली मागणी नाही. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब घरातल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेला ज्यादा रक्कम मिळते. तिथे गरीब मूल शाळेत आले तर शाळेचे बळ वाढते. आपल्याकडे गरीब मूल आले, की त्याचे कार्ड जुळेल का याची आधी धाकधूक.

ही मागणी नवीही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांचा मुख्य मुद्दा पैशाचाच होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांनी आयोगाला सांगितले आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. मुसलमान मुले त्या वेळच्या शाळांपासून दूर राहतात, हेही त्यांनी त्याच निवेदनात नोंदवले होते. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि त्यासाठी तिजोरीतून पैसा काढला. शाहूंचे संस्थान लहान होते, तिजोरीही मोठी नव्हती.

स्वतंत्र भारतात कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावा. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, १९८६ च्या धोरणाने पुन्हा म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सरकारनेच लिहिले आहे, की ही पातळी आजवर कधीही गाठली गेली नाही आणि २०१७-१८ मध्ये खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास होता. तिथेही लक्ष्य पुन्हा सहाच टक्क्यांचे आहे. आमच्या जन्माआधीपासून हा आकडा पुढच्या धोरणात ढकलला जातो आहे.

मग गावपातळीवर काय होते? कमी पडले की ‘लोकसहभागातून करा’ असे सांगितले जाते. उदाहरण जेवणाचे घ्या. धान्य सोडून बाकीच्या जिनसांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देणे सुरू झाले. मुले त्या दिवशी हटकून येत. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि अंडे द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असे ठरले. आता सांगा, ज्या गावात लोकांच्या हातात पैसा आहे तिथे मुलांना अंडे मिळेल. ज्या गावातले लोक उचल घेऊन फडावर गेले, तिथे कुणी द्यायचे? ज्याला सर्वांत जास्त गरज त्याला सर्वांत कमी, असाच त्याचा शेवट होतो.

आम्ही वर्गणीच्या विरोधात नाही. आमच्या शाळेतला टीव्ही गावकऱ्यांनी दिला आहे, पाण्याची टाकी एका कुटुंबाने आपल्या मरहूम वडिलांच्या नावे दिली आहे. त्या टाकीचे पाणी पिणारी मुले त्यांच्यासाठी दुवा करतात. मागच्या वर्षी जुम्यानंतर आम्ही शाळेच्या दुरुस्तीसाठी मदत मागायला उभे राहिलो, तेव्हा जमातीतल्या एका बुजुर्गांनी सरळ विचारले, ‘‘सर, शाळा सरकारची. सरकार कर घेते. मग आम्ही दोनदा का द्यायचे?’’

काही लोकांना त्यांचे बोलणे कडू लागले. आम्हाला ते मोलाचे वाटले. आम्ही त्यांना म्हणालो, ‘‘चाचा, तुम्ही बरोबर बोललात. तुम्ही काडीपेटी घेता तेव्हाही कर देता. म्हणून पैसे देऊ नका, पण हाच प्रश्न शाळेच्या बैठकीत येऊन विचारा.’’ ते आले. गेल्या चार बैठकींत त्यांच्याइतके नेमके प्रश्न कुणी विचारलेले नाहीत. त्यांचा नातू पाचवीत आहे.

वर्गणी ही शाळेच्या ताटातली मिठाई असावी. भाकरी सरकारने द्यावी, कारण तिचा खर्च आपण आधीच भरला आहे. आपण खैरात म्हणून शाळा चालवू लागलो, तर मुलांचा हक्क आपल्याच हाताने कमी होतो. आणि खैरात करणारे हात दरवर्षी सारखे भरलेले नसतात.

या बैठकीविषयी थोडे सांगतो, कारण अनेक घरांना तिची ताकद ठाऊक नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला. अनुदानाचा खर्च कसा झाला हे पाहण्याचा तिला अधिकार आहे. कलम २२ त्याहून महत्त्वाचे आहे. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि शासनाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल, असे कायद्यात लिहिले आहे. म्हणजे आमच्या शाळेला काय हवे, हे लिहून देण्याचे काम मुळात पालकांचे आहे. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक तो एका संध्याकाळी भरतात आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. सही करणाऱ्या आईला कागदात काय आहे हे कुणी वाचून दाखवत नाही.

यंदा आमच्या शाळेत आम्ही तो मोठ्याने वाचला. उर्दूत, मराठीत आणि घरातल्या बोलीत. ‘‘काय हवे?’’ म्हटल्यावर पुरुषांनी आधी कंपाउंड सांगितले. मग मागे बसलेल्या एका आईने स्वच्छतागृहाचे दार आणि आतून लागणारी कडी सांगितली. दुसरीने सांगितले, की वसतिगृहाचा अर्ज दसऱ्याच्या आधी गेला पाहिजे, मोकादम पैसे वाटायच्या आत. आराखड्यात ही दोन्ही वाक्ये तशीच लिहिली आणि पोच घेऊन दिली. दार लागले का? अजून नाही. पण आता त्या मागणीवर तारीख आहे, शिक्का आहे आणि अकरा आयांच्या सह्या आहेत. पुढच्या वेळी कुणी ‘अशी मागणी आलीच नव्हती’ म्हणू शकणार नाही.

वाचकांना आमची विनंती साधी आहे. आपल्या मुलाचा शाळेतला दाखला आणि आधार कार्ड आज संध्याकाळीच शेजारी शेजारी ठेवून पाहा. नाव, तारीख, लिंग. फरक असेल तर शाळेत येऊन सांगा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच दुरुस्ती करून घ्या, सप्टेंबरची वाट पाहू नका. समितीच्या बैठकीला जा आणि घरातल्या बाईला पाठवा. तिथे तीन आकडे विचारा : शाळेत मुले किती, त्यातली मोजली गेली किती, आणि अनुदान आले किती व केव्हा. आम्हा शिक्षकांना हे प्रश्न आवडणार नाहीत असे समजू नका. हे प्रश्न विचारणारे पालक पाठीशी असले, की वरच्या कार्यालयात आमचा आवाज जरा मोठा होतो. ग्रामसभेत गावाच्या आराखड्यावर चर्चा होते, तिथे शाळेचे नाव निघते का ते पाहा. आपले मूल इंग्रजी शाळेत जात असले तरी जा, कारण शेजाऱ्याचे जात नाही. मत मागायला कुणी दारात आले, तर रस्ता आणि गटार यांच्याबरोबर शाळेतल्या रिकाम्या जागेचेही विचारा.

ती तीन मुले अजून यादीत आलेली नाहीत. एकाचा जन्मदाखला आला आहे. ठसे न उमटणाऱ्या मुलाला पुढच्या आठवड्यात पुन्हा केंद्रावर न्यायचे आहे. त्याचे वडील म्हणाले, या वेळी रोज बुडाला तरी चालेल. आम्ही सांगितले, की तुम्ही कामावर जा, त्याला आम्ही घेऊन जातो.